गोव्यात स्वस्तातली स्पोर्ट्स कार: लिटरमागे किती, किलोमीटरमागे किती

शोरूममधल्या कागदावर २०, मीटरच्या पडद्यावर १४ आणि पंपाच्या पावत्या जोडून काढला तर १२.८. एकाच गाडीचे हे तीन ॲव्हरेज. तिन्ही खरे असू शकतात, कारण तिघांनी वेगवेगळी गोष्ट मोजलेली असते.

कागदावरचा आकडा प्रयोगशाळेतला. गाडीची चाके फिरत्या रोलरांवर ठेवून ठरलेल्या क्रमाने वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबवायचा. हा सगळा खेळ ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांपेक्षाही कमी. सर्वांत जास्त वेग ९०, एसी बंद, वारा नाही, चढ नाही आणि पणजीबाहेरच्या पर्वरीची वाहतूक कोंडी तर नाहीच. पडद्यावरचा आकडा गाडीचा संगणक इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारे तोंड, किती वेळ उघडा राहिला त्यावरून काढतो आणि बहुतेक गाड्यांत तो पाच ते दहा टक्के आशावादी असतो. हिशेबाला धरायचा तो पावत्यांचाच. पद्धत साधी: टाकी ऑटो-कटपर्यंत, म्हणजे पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, पाव टाकी उरेपर्यंत गाडी चालवा, त्याच पंपावर पुन्हा पहिल्या ऑटो-कटपर्यंत भरा. ३७२ किमी झाले आणि २८.६ लिटर बसले, तर १३.० चा ॲव्हरेज. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, चार टाक्यांची सरासरी घ्या. कट झाल्यावर "राउंड फिगर करा" म्हणत वर आणखी पेट्रोल ओतून घेतले की मोजणी बिघडतेच, शिवाय जास्तीचे पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात जाऊन तोही खराब होतो. मापाबद्दल शंका असेल तर प्रत्येक पंपावर पाच लिटरचे शिक्का मारलेले माप असते. ते मागायचा ग्राहकाला हक्क आहे.

स्पोर्ट्स कार हा शब्द आपल्याकडे जरा सैलच वापरतात. इथे त्याचा अर्थ असा घेऊ: साधारण दहा ते वीस लाखांच्या टप्प्यातली, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) असलेल्या पेट्रोल इंजिनाची, घट्ट सस्पेन्शनची, रोज ऑफिसलाही नेता येईल अशी गाडी. हुंदाईची आय-२० एन लाइन, टाटाची अल्ट्रोझ रेसर, फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी या जातीतल्या. जुन्या बाजारात पोलो जीटी टीएसआय, बलेनो आरएस आणि अबार्थ पुंटोही दिसतात.

पेट्रोल नेमके जाते कुठे

पणजीच्या अटल सेतूवर किंवा नव्या झुआरी पुलावर सपाट रस्त्याला ८० च्या स्थिर वेगाने जाताना अशा गाडीला हवा कापायला आणि टायर फिरवायला मिळून जेमतेम ९-१० अश्वशक्ती लागते. इंजिन १२० चे असो की १५० चे. १०० वर गेलात की हाच आकडा १६ च्या आसपास जातो. वेग पाव पटीने वाढला, ताकद दीडपटीहून जास्त. मग उरलेले शंभर घोडे कशासाठी? वेग पकडण्यासाठी. आणि पेट्रोलचा खरा खेळ तिथेच आहे.

माणसांसकट १३०० किलोची गाडी ६० च्या वेगाला नेली की तिच्यात सुमारे १८० किलोज्यूल ऊर्जा साठते. इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचवते, म्हणजे या कामाला साधारण २० मिली पेट्रोल लागते. पुढे गतिरोधक दिसला, ब्रेक दाबला, की ते २० मिली डिस्कवर उष्णता होऊन उडून गेले. लिटरला ₹९६ धरले तर एक ब्रेक म्हणजे जवळजवळ दोन रुपये. तोच वेग ८० असेल तर ३५ मिली, साडेतीन रुपयांच्या आसपास. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. अंगात दम असलेल्या गाडीचा तोटा हाच. साधी हॅचबॅक दोन गतिरोधकांमध्ये ५० पर्यंत पोचते, ही ८० ला भिडते, आणि पुढच्या गतिरोधकाला दोघींनाही शून्यावर यावे लागते.

दिवसातून वीस वेळा ६० वरून थांबलात तर ४०० मिली, म्हणजे ₹३८. महिन्याच्या पंचवीस दिवसांचे साडेनऊशे. पाय लवकर उचलणे हा यावरचा एकमेव स्वस्त इलाज. गाडी गिअरमध्ये ठेवून रेसवरून पाय काढला की आजची सगळी इंजिने इंजेक्शन पूर्ण बंद करतात, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) साधारण १२००-१५०० च्या खाली येईपर्यंत. त्या वेळात गाडी शून्य पेट्रोलवर धावते. न्यूट्रलमध्ये टाकून उतार उतरणारे लोक इथेच फसतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतेच, आणि चोर्ला किंवा अनमोड घाटात सगळा भार ब्रेकवर येतो तो वेगळाच.

घाटाचाही हिशेब मांडता येतो. चढात दर १०० मीटर उंचीला सुमारे १४० मिली जास्तीचे पेट्रोल जाते. उतरताना त्यातले थोडे परत मिळते, सगळे कधीच नाही.

कोंडीत मात्र ॲव्हरेजचा अर्थच उरत नाही. एसी लावून उभ्या गाडीचे इंजिन तासाला एक लिटरच्या आसपास पेट्रोल खाते. म्हापसा ते पणजी १३ किमी. मोकळ्या रस्त्याला १६ च्या ॲव्हरेजने ०.८१ लिटर पुरते. त्यात वीस मिनिटे कोंडीत गेली की आणखी ०.३३ लिटर, आणि तीच गाडी ११.४ वर येते. इंजिनाचा काही दोष नाही. म्हणून कोणी ॲव्हरेज विचारला तर आधी कुठला रस्ता ते विचारा. काणकोण ते मडगाव सकाळी सहाला जाणाऱ्याला १८ मिळतील. पणजीच्या आत फिरणाऱ्याला तीच गाडी १० देईल, आणि त्याला आपण फसलो असे वाटेल.

टर्बोचे दोन स्वभाव

टर्बो इंजिन म्हणजे एका पेटीत दोन इंजिने. हलक्या पायाखाली ते खरोखरच ९९८ किंवा १,४९८ सीसीचे छोटे इंजिन असते आणि तेवढेच पेट्रोल पिते. जोरात पाय दिला की टर्बो हवा कोंबतो, त्या हवेच्या प्रमाणात पेट्रोल टाकावे लागते आणि छोटे इंजिन मोठ्यासारखे वागू लागते. इथवर हिशेब सरळ आहे: जेवढे काम, तेवढे पेट्रोल.

बिघडतो तो त्यापुढे. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. ई-२० ला, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, थोडी कमी. पण रेस तळापर्यंत दाबून ठेवली की एक्झॉस्टचे तापमान इतके चढते की टर्बोची पाती आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धोक्यात येतात. मग संगणक मुद्दाम जास्तीचे पेट्रोल फवारतो. ते जळण्यासाठी नसते, एक्झॉस्ट गार ठेवण्यासाठी असते. म्हणजे आपण ₹९६ लिटरचे पाणी मारतो आहोत असे समजा. उड्या मारत चालवलेली गाडी ६-८ वर येते ती या टप्प्यात.

यातून निघणारी सवय थोडी उलटी वाटते. गोगलगाईसारखा वेग वाढवणे किफायतशीर नाही. कारण अगदी हलक्या भाराखाली पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमता पडते आणि गाडी खालच्या गिअरमध्ये उगाच रेंगाळते. अर्ध्या-पाऊण रेसवर ठसठशीत वेग पकडा, २००० च्या आसपास वरचा गिअर टाका, हवा तो वेग आला की पाय जवळजवळ उचला. सहाव्या गिअरमध्ये ४० वर गाडी घुसमटवणेही नको. १२०० आरपीएमला जड पाय दिला की छोट्या टर्बो इंजिनात अवेळी स्फोट होऊन पिस्टनला मार बसण्याची शक्यता असते, विशेषतः थेट इंजेक्शनच्या इंजिनांत. गाडी घुरघुरली की गिअर उतरवा.

व्हर्टस जीटीच्या १.५ लिटर इंजिनात हलक्या भाराखाली चारातले दोन सिलिंडर बंद होण्याची सोय आहे. महामार्गावर स्थिर वेगात ती कामाला येते. वळणावळणाच्या गावरस्त्याला तिचा फारसा उपयोग नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करण्याच्या सोयीचेही गोव्यात तसेच. मे महिन्यात एसी जोरात असताना ती बहुतेक वेळा चालतच नाही. मात्र बॅटरी बदलताना लक्षात ठेवा, या सोयीच्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम जातीचीच बॅटरी लागते. दीड-दोन हजार वाचवायला साधी बसवली तर लवकरच पुन्हा दुकानात.

ई-२०, ऑक्टेन आणि पत्रादेवीचा पंप

इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० मध्ये पावणेसात टक्के ऊर्जा कमी भरते, आणि ई-१० च्या तुलनेत साडेतीन टक्के. ई-१० वर १३ देणारी गाडी ई-२० वर साडेबारा देईल. इंजिन ई-२० साठीच जुळवलेले असेल तर ही घट आणखी कमी, कारण ई-२० चा ऑक्टेन मानकानुसार किमान ९५ आहे आणि टर्बो इंजिनाला ऑक्टेन मानवतो. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे नळ्या-सील ई-२० ला चालणारे आहेत. त्याआधीच्या पोलो जीटी, बलेनो आरएस यांत रबरी नळ्या, ओ-रिंग आणि पेट्रोल पंप यांच्यावर लक्ष ठेवायला हवे. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर तो पुढच्या सर्व्हिसपर्यंत थांबण्याचा विषय नाही.

मग महागडे प्रीमियम पेट्रोल? गाडीच्या पुस्तिकेत ९१ किंवा ९५ लिहिले असेल तर जास्त ऑक्टेनचे पेट्रोल वाया गेले म्हणा. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, दाबाखाली आपोआप न पेटण्याचा गुण. पुस्तिकेत मागितलेला असेल तिथेच तो द्यावा.

इथेनॉल हवेतले पाणी ओढते. पावसाळाभर बंद गॅरेजमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी भरलेली ठेवा, म्हणजे टाकीत दमट हवेला जागा कमी राहते.

दराचे म्हणाल तर गोव्यात पेट्रोल शेजारच्या महाराष्ट्रापेक्षा लिटरला सात-आठ रुपयांनी स्वस्त असते. २०१२ साली मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला तेव्हा तर हा फरक भलताच मोठा होता. तो काळ गेला, पण सीमेपलीकडून गोव्याच्या हद्दीतल्या पत्रादेवीला भरायला येणाऱ्या गाड्या आजही दिसतात. बांद्याच्या माणसाला ते परवडते. सावंतवाडीहून मुद्दाम आलात तर जाऊन-येऊन ३५-३६ किमी, १३ च्या ॲव्हरेजने पावणेतीन लिटर, ₹२६० च्या वर गेले. ३५ लिटरवर आठ रुपयांनी वाचले ₹२८०. काम काढून आलात तर ठीक, नाहीतर नुसती सहल.

टायर: खरा गुपचूप खर्च

पेट्रोलचे पैसे आठवड्याला थोडे थोडे जातात, टायरचे एकदम. आय-२० एन लाइनला १९५/५५ आर१६, व्हर्टस जीटीला २०५/५५ आर१६. चांगल्या कंपनीचा टायर साधारण ₹७,५०० ते ₹९,५०० ला एक. चारांचे ₹३४,००० धरा. शांत पायाखाली ३५-४० हजार किमी जातात, वळणांवर रेटणाऱ्याच्या पायाखाली २०-२५ हजारांतच संपतात. पुढची चाके ओढणारी, वळवणारी आणि सर्वांत जास्त ब्रेक सोसणारी, म्हणून ती मागच्यांच्या जवळपास दुप्पट वेगाने झिजतात. दर ८-१० हजारांना पुढचे मागे केले नाहीत तर चारही टायर कधीच एकत्र संपत नाहीत.

टायर बघायचा कसा? चाक पूर्ण वळवा, खाली बसा आणि आतली कड बोटाने तपासा. बाहेरून चार मिलिमीटर खाच दिसते आणि आत तारा बाहेर आलेल्या असतात, असे घट्ट सस्पेन्शनच्या गाड्यांत वारंवार सापडते. खड्ड्यात चाक जोरात आपटले की अलाइनमेंट बिघडते, चाके समांतर न राहता किंचित तिरकी धावतात आणि टायर रस्त्यावर घासला जातो. तळहात रबरावरून आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे दातेरी लागले तर हाच दोष. अलाइनमेंटचे हजारभर रुपये वाचवून आठ-नऊ हजारांचा टायर घालवण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग.

कायद्याने १.६ मिमी खाच चालते. गोव्याच्या पावसाला ती चालत नाही. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, म्हणून मे अखेरीस ३ मिमीच्या खाली असलेला टायर बदलून टाका. हवा महिन्यातून दोनदा, गाडी गार असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेली. तापलेल्या टायरमध्ये दाब तीन-चार पीएसआय जास्तच दाखवतो आणि पंपावरचा मुलगा ती "जास्तीची" हवा काढून टाकतो, की सकाळी टायर कमी भरलेला. कमी दाबाने ॲव्हरेज एक-दीड टक्का जातो, पण टायरच्या कडा आणि खड्ड्यात रिम वाकणे हे त्याहून महाग पडते. कमी उंचीच्या टायरला रिम वाचवायला रबर असतेच कमी.

ऑइल, क्लच, प्लग

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून पूर्ण सिंथेटिक आणि पुस्तिकेतल्याच ग्रेडचे ऑइल. साडेतीन-चार लिटर, लिटरला ₹७०० ते ₹९००. अंतर १०,००० किमी किंवा वर्ष, जे आधी होईल ते. पुस्तिकेत १५,००० लिहिले असले तरी. गोव्यातली अंतरे छोटी. घर ते बाजार तीन किलोमीटर, इंजिन तापायच्या आत बंद. अशा वापरात न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर ऑइल ७,००० लाच बदला आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास सलग महामार्गावर न्या. घाट चढून आल्यावर लगेच किल्ली बंद करू नका, मिनिटभर इंजिन चालू द्या, नाहीतर थांबलेले ऑइल तापलेल्या टर्बोत करपते.

ऑटोमॅटिक घेणाऱ्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. एन लाइनची सात गिअरची डीसीटी आणि फोक्सवॅगनची डीएसजी या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सांत कोरडे क्लच आहेत, ऑइलमध्ये बुडालेले नाहीत. कोंडीत इंच-इंच सरकताना क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. पुढच्या गाडीला दोन गाड्यांचे अंतर होऊ द्या, मग एका दमात पुढे जा आणि पूर्ण थांबा. चढावर रेसच्या जोरावर गाडी धरून ठेवू नका, ब्रेक लावा. पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर जाणवू लागली की सुरुवात झाली म्हणायची. क्लचचा खर्च पाच आकड्यांत सुरू होतो आणि मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारा गिअरबॉक्सचा संगणकी भाग) गेले तर लाखापलीकडे.

इरिडियमचे स्पार्क प्लग ४०-६० हजार किमी टिकतात. ओव्हरटेक करताना गाडी क्षणभर अडखळते पण हळू चालवताना काहीच होत नाही, अशी तक्रार असेल तर इंजेक्टर, टर्बो यांच्या नादी लागण्याआधी प्लग काढून बघा. टर्बो जोरात असताना ठिणगीला जास्त दाबाची हवा भेदावी लागते, त्यामुळे झिजलेला प्लग तिथेच उघडा पडतो.

खारी हवा आणि फेरीबोटीचा फलाट

किनाऱ्यालगत गाडी ठेवणाऱ्याला एक जादा खाते उघडावे लागते. बंपरच्या जाळीमागे सर्वांत पुढे एसीचा कंडेन्सर आणि टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर बसलेला असतो. दोन्ही ॲल्युमिनियमचे, पातळ पापुद्र्यांचे. मीठ आणि दमटपणा त्यांना पांढरी बुरशी आल्यासारखे खातो. पंधरा दिवसांतून एकदा समोरून साध्या नळीच्या मंद धारेने गोडे पाणी मारा. प्रेशर पंप मारला तर पापुद्रे आडवे होतात आणि इंटरकूलर हवाच घेत नाही. गार न झालेली हवा म्हणजे संगणक ठिणगी उशिरा टाकणार, ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही जाणार. वाळूत गाडी उतरवणे तर बेकायदा आहेच, शिवाय खारे पाणी लोअर आर्मच्या बुशांत आणि ब्रेक कॅलिपरच्या पिनांत जाऊन बसते.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, किलोमीटर कितीही असोत. ते हवेतले पाणी शोषते, पाण्याने त्याचा उकळबिंदू खाली येतो आणि घाट उतरताना पेडल मऊ पडते. आपल्या हवेत ही दोन वर्षे जास्तीत जास्त समजावीत.

चोडण किंवा दिवाडीच्या फेरीबोटीवर चढताना ओहोटीची वेळ टाळा. पाणी खाली गेले की धक्का आणि बोटीचा फलाट यांच्यात कोन तयार होतो आणि बसक्या गाडीचा पुढचा ओठ नेमका तिथे घासतो. गाडी किंचित तिरकी नेली की एका वेळी एकच चाक चढते आणि बंपर वाचतो. गावातल्या उंच गतिरोधकांनाही हीच युक्ती.

विमा आणि ३५ मिली पाणी

विम्याचा तृतीय पक्षाचा हप्ता ताकदीवर नाही, सीसीवर ठरतो. १,००० सीसीपर्यंत ₹२,०९४, १,००० ते १,५०० सीसी ₹३,४१६, त्यावर ₹७,८९७, अधिक जीएसटी. हे २०२२ मध्ये ठरलेले दर. म्हणजे १२० पीएसची ९९८ सीसीची एन लाइन आणि साधी अल्टो के१० एकाच हप्त्यात! महाग पडतो तो स्वतःच्या नुकसानीचा भाग, कारण तो गाडीच्या किमतीवर चालतो.

दावा करण्याआधी आकडेमोड करा. पाच वर्षे दावा नसेल तर नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट मिळते. मूळ हप्ता ₹२०,००० असेल तर ही सूट ₹१०,००० ची. चार हजारांच्या ओरखड्यासाठी दावा केलात की पुढच्या वर्षी ती शून्य. रबर-प्लास्टिकच्या भागांवर विमा कंपनी ५० टक्के घसारा कापते आणि स्पोर्ट्स कारच्या बंपर-स्कर्टमध्ये प्लास्टिकच भरपूर, त्यामुळे पहिली पाच वर्षे हा घसारा न कापणारे झीरो डेप्रिसिएशन ॲड-ऑन घ्यावे. ताकद वाढवण्यासाठी संगणकाचे ट्यूनिंग करून घेतले आणि विमा कंपनीला कळवले नाही, तर दावा अडकू शकतो. वॉरंटीचा प्रश्नही उभा राहतो.

दुसरे ॲड-ऑन इंजिन प्रोटेक्शन. ते का, हे एका आकड्यात सांगता येते. ९९८ सीसीचे तीन सिलिंडर, कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन हवा किती पटीने दाबतो तो आकडा, १०.५. पिस्टन वर आल्यावर प्रत्येक सिलिंडरमध्ये फक्त ३५ मिलीची जागा उरते, खोकल्याच्या औषधाच्या सात चमच्यांएवढी. एअर फिल्टरमधून त्याहून जास्त पाणी आत गेले की पिस्टनला दाबायला काहीच उरत नाही, कारण पाणी दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि कधी कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. पणजीच्या अठरा जून रस्त्यावर जोराच्या पावसात तुंबते तेवढे पाणी आणि समोरून येणाऱ्या बसची लाट याला पुरेशी. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. पहिल्या वेळी कदाचित इंजिन नुसते गुदमरलेले असते, दुसऱ्या वेळी आपण ते स्वतः मोडतो, आणि विमा कंपनीचा सर्वेक्षक नेमके हेच विचारतो. टो करून न्या, प्लग काढून हाताने इंजिन फिरवून बघायला सांगा.

सगळे जोडले तर

वर्षाला १२,००० किमी, ॲव्हरेज १३, दर ₹९६. पेट्रोल ९२३ लिटर, ₹८८,६००. विमा ॲड-ऑनसह ₹३२,०००. टायर ३०,००० किमी टिकले तर वर्षाचा वाटा ₹१३,६००. सर्व्हिस ₹११,०००. ब्रेक पॅड, अलाइनमेंट, वायपर, किरकोळ ₹४,०००. बेरीज ₹१,४९,२००, किलोमीटरला सव्वाबारा-साडेबारा रुपये.

१७ देणाऱ्या साध्या हॅचबॅकला याच वापरात ₹६७,८०० चे पेट्रोल लागते. फरक वर्षाला एकवीस हजारांच्या आत, महिन्याला ₹१,७५० धरा. या फरकावरून लोक घरात भांडतात, आणि त्याच वेळी जो खर्च कुणी लिहून ठेवत नाही तो वेगळाच असतो: बारा लाखांची गाडी पाच वर्षांनी विमा कंपनीच्या तक्त्यात निम्म्यावर येते. वर्षाला ₹१,२०,०००, पेट्रोलपेक्षाही जास्त. तो धरला तर किलोमीटर सव्वाबावीस रुपयांच्या पुढे जातो.

म्हणूनच तीन-चार वर्षांची जुनी गाडी घेण्यात अर्थ आहे. घसाऱ्याचा मोठा घास पहिल्या मालकाने गिळलेला असतो. पण निवड डोळे उघडे ठेवून. अबार्थ पुंटोचे १४५ अश्वशक्तीचे इंजिन मोहात पाडते, मात्र फियाटने भारतातली विक्री बंद केली आहे आणि सुट्या भागांसाठी वाट बघायची तयारी हवी. तिचा टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर तो खर्च किमतीतूनच वजा करा. पोलो जीटीमध्ये गाडी तापेपर्यंत, निदान अर्धा तास, सावकाश रांगेत चालवून बघा, थरथर थंड गाडीत दिसत नाही. ऑइलचे झाकण उघडून आत काळा चिकट थर आहे का ते पाहा. लिफ्टवर चढवून लोअर आर्म, सब-फ्रेम आणि एक्झॉस्टच्या जोडांवर पापुद्रे सुटलेला गंज आहे का ते बघा. वरवरचा तांबूस रंग चालतो, बोटाने सुटणारा नाही.

आणि पुराच्या पाण्यात राहिलेली गाडी धुऊन, पॉलिश करून, नव्या मॅटसह समोर आणतात. त्यासाठी मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग साफ करतात, गुंडाळीतला शेवटचा हातभर भाग कुणी धूत नाही. तिथे तपकिरी रेघ दिसली तर किंमत विचारायच्या भानगडीतही पडू नका.